बाल्कनीतला विटका झेंडा

विमानतळावरून घरी येताना गाडीतच मुलाने मला बजावलं, "आई, इथे कुणाशी पॉलिटिक्स बोलायचं नाही. वॉरबद्दल नाही, आणि प्रेसिडेंटबद्दल तर नाहीच नाही."

"मग बोलायचं काय?"

"वेदर. वेदरवर बोल. इथे सगळे वेदरवरच बोलतात."

मी एकतीस वर्षं वर्ध्याजवळच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, त्यातली शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. हा मुलगाही माझ्याच वर्गात शिकला. घरी मी आई, शाळेत बाई. माझ्या वर्गात काय वाट्टेल ते बोलायची मुभा होती, पण उभं राहायचं, हजेरीपटातलं आपलं पूर्ण नाव सांगायचं, वडिलांच्या नावासकट, आणि मग बोलायचं. मागच्या बाकावरून तोंड लपवून शेरे मारणाऱ्याला मी सरळ वर्गाबाहेर काढत असे. आणि आता माझाच विद्यार्थी मला वेदरचा धडा देत होता.

२००३ सालचा मार्च होता. मुलाच्या गावात, अमेरिकेतल्या कॅरीत, रस्त्याकडेची झाडं पांढऱ्या फुलांनी लगडली होती आणि टीव्हीवर युद्ध लागलं होतं. लागलं होतं असंच म्हणायला हवं, कारण त्याला संगीत होतं, नाव होतं, खाली धावती पट्टी होती आणि मधे गाड्यांच्या जाहिराती होत्या. इराकमध्ये माणसं मरत होती आणि इथला निवेदक क्रिकेटची कॉमेंट्री करावी तशा उत्साहात नकाशावर बाण काढत होता. मी बडबडायला लागले की सून हळूच चॅनल बदलायची. एका हॉटेलवाल्याने तर रागाच्या भरात फ्रेंच फ्राइजच्या नावातून फ्रान्स काढून टाकला होता. का, तर फ्रान्स लढायला येत नाही म्हणून. बटाट्यावर काढलेला हा राग बघून मला हसू आवरेना. मुलगा म्हणाला, "हळू हस आई, भिंती पातळ आहेत."

सगळं वाईटच दिसलं असं नाही. लायब्ररी मला मनापासून आवडली. कुणीही या, बसा, हवं ते पुस्तक काढून वाचा, कपाटाला कुलूप नाही. रांगेत कुणी घुसत नाही, हेही आवडलं. पण ज्या देशाने बोलण्याचा हक्क आपल्या घटनेत सगळ्यात वर घातला, तिथे जेवणाच्या टेबलावर कुणी सरकारबद्दल चकार शब्द काढत नाही, हे काही माझ्या पचनी पडेना. आपल्याकडे चहाच्या टपरीवर पंतप्रधानांची रोज झडती होते. आपले लोक तर इथल्यांहून वरताण निघाले. मराठी मंडळाच्या पाडव्याला मी एका डॉक्टरकाकांना युद्धाबद्दल विचारलं, तर ते श्रीखंडाची वाटी घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

मुलाची भीती मला कळत नव्हती असं नाही. त्याच्या ग्रीन कार्डाची फाइल कुठल्याशा टेबलावर पडून होती. टीममधल्या निम्म्या लोकांना नारळ मिळाला होता. दोन हजार एकच्या सप्टेंबरात, ते विमानांचं भयंकर प्रकरण घडलं त्याच आठवड्यात, पेट्रोल पंपावर एकाने त्याला आईवरून शिवी देऊन "घरी जा" असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून अमेरिकेचा झेंडा आणून बाल्कनीच्या कठड्याला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधला. पत्रपेटीवरची नावाची चिठ्ठी काढून टाकली, नुसता घरनंबर ठेवला. ऑफिसात नाव छाटून एका अक्षरावर आणलं. वडिलांनी हौसेने ठेवलेलं चार अक्षरी नाव. त्याचे वडील वारल्यावर सहाच वर्षांत त्याचं असं झालं, याचं मला फार वाईट वाटलं होतं, पण मी बोलले नव्हते.

तो झेंडा अजून तिथेच होता. दीड वर्ष, रात्रंदिवस, उन्हापावसात. लालाचा गुलाबी झाला होता, कडेचे धागे लोंबत होते आणि एका कोपऱ्यात पक्ष्याची घाण. माझी खुर्ची नेमकी त्याच्यासमोर असायची. शाळेत झेंड्याची जबाबदारी वीस वर्षं माझ्याकडे होती. सूर्यास्ताला झेंडा उतरलाच पाहिजे आणि फाटका झेंडा चढताच कामा नये. ही शिस्त एकदा अंगात मुरली की देश कुठला हे ती विचारत नाही.

"हा उतरव," मी मुलाला सांगितलं. "नाहीतर नवा लाव."

"आई, या आठवड्यात? अख्ख्या कॉम्प्लेक्सने फ्लॅग लावलेत. आपला खाली आला तर काय दिसेल?"

"फाटका दिसतोय, ते चालतं?"

"फाटका कुणी बघत नाही गं. नसलेला बघतात."

मी लायब्ररीत गेले आणि त्यांच्या झेंड्याचे नियम काढून वाचले. आपल्यासारखेच निघाले! अंधार पडला की उतरवा, नाहीतर त्यावर दिवा लावा. लावण्याजोगा राहिला नाही की मानाने निकालात काढा, शक्यतो जाळून. आम्हीही शाळेत तेच करत असू. शिपाई आणि मी, शाळेमागे, दोघंच, सावधान उभं राहून. माझं मन निवांत झालं. नियम पुस्तकात छापलेला असला म्हणजे तो लोकांना माहीत असणारच, असं मी धरून चालले. आम्हा मास्तरलोकांची ही जन्माची खोड.

मंगळवारी दुपारी मुलगा-सून कामावर होते. मी प्लास्टिकच्या पट्ट्या कापल्या, झेंडा खाली टेकू न देता त्याची घडी केली, कापूर आणि काडेपेटी घेतली आणि कॉम्प्लेक्सच्या मागे, जिथे लोक उन्हाळ्यात मांस भाजतात, त्या लोखंडी शेगडीशी गेले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. चपला काढल्या, कापूर पेटवला आणि सावधान उभी राहिले.

आमचे झेंडे खादीचे. शांतपणे जळतात, पांढरी राख होते. हा नायलॉनचा होता. तो वितळायला लागला, वेटोळं झालं आणि काळाकुट्ट धूर थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला. तेवढ्यात कुत्रा फिरवणारी शेजारीण कोपऱ्यावरून आली. शेगडीत निळ्यावरचे पांढरे तारे अजून दिसत होते.

"काय करताय तुम्ही?" ती इंग्रजीत किंचाळली.

"झेंडा जाळतेय, मॅडम," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. "आदराने."

आदर ऐकायला ती थांबलीच नाही. वीस मिनिटांत पोलीस आला, पाठोपाठ कॉम्प्लेक्सची मॅनेजरीण. पोलीस पोरसवदा आणि सभ्य होता. मी त्याला सगळं सांगितलं, सूर्यास्तापासून पक्ष्याच्या घाणीपर्यंत. त्याने लिहून घेतलं आणि मॅनेजरणीला सांगितलं, "कायद्याने हा गुन्हा नाही."

एवढ्यात मुलगा धावत आला, मॅनेजरणीने त्याला ऑफिसात फोन केला होता. चेहरा पांढराफटक. त्याने पोलिसाला सॉरी म्हटलं, मॅनेजरणीला सॉरी म्हटलं, शेजारणीला दोनदा सॉरी म्हटलं. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर कुत्र्यालाही म्हटलं असतं. माझा पारा चढला.

"सॉरी कशाबद्दल?" मी त्याला मराठीत विचारलं.

"आई, प्लीज. घरात चल."

मॅनेजरीण म्हणाली, रहिवासी नाराज आहेत, उद्यापर्यंत लेखी माफी पत्रपेट्यांशेजारच्या बोर्डावर लागली पाहिजे. नाहीतर जूनमध्ये लीज रिन्यू करायचं की नाही याचा विचार करावा लागेल.

घरी आल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. "तू काही करू नको. मी टाइप करतो, तू फक्त साइन कर."

"मी माफी मागणार नाही."

"आई, तुला कळत नाहीये! कुणी एक फोन केला ना, माझी फाइल गेली. सहा वर्षं गेली. आपण सगळे परत."

मला भीती वाटली. माझ्यामुळे याचा मांडलेला संसार मोडला तर मी कुठे तोंड दाखवू, असं अगदी स्पष्ट वाटलं. तरी तोंडातून निघालंच, "तू भिऊन झेंडा लावलास, भिऊन फाटका ठेवलास. मी तो रीतीने उतरवला. मग त्याचा अपमान कुणी केला, तू की मी?"

खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं. मी जरा जास्तच बोलले, हे मला तेव्हाच कळलं. पण जे बोलले ते खोटं नव्हतं आणि आजही मी ते मागे घेणार नाही.

मग मी रेघांचा कागद घेतला आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीत लिहिलं. झेंडा फाटला होता, तुमच्याच नियमाप्रमाणे मी तो निकालात काढला, नियम लायब्ररीत आहे, वाचावा. शेगडीत नायलॉन जाळल्याने धूर झाला, तेवढ्याबद्दल दिलगीर आहे. कॉम्प्लेक्समधले आणखी आठ झेंडे उतरवण्याच्या लायकीचे झाले आहेत, घरनंबर खाली दिले आहेत. तुमच्या युद्धाबद्दलही माझं मत आहे, ते चुकीचं युद्ध आहे असं मला वाटतं, आणि त्या मताचा झेंड्याशी काही संबंध नाही. चर्चेला कुणीही यावं, चहा मिळेल. खाली माझं पूर्ण नाव, निवृत्त मुख्याध्यापिका.

कागद मी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि दाराबाहेरूनच मुलाला सांगितलं, "यात तुझं नाव कुठेही नाही. लावायचा तर लाव. नसेल लावायचा तर माझं परतीचं तिकीट काढ, मी रागावणार नाही. पण माफीवर मी सही करणार नाही."

मग मी अंथरुणावर जाऊन पडले.

सकाळी उठले तर तो कामावर गेलेला आणि टेबल रिकामं. फाडून टाकला असणार, असं मी धरलं आणि बॅग आवरायला काढली. सूनबाईने डब्याची पोळी लाटता लाटता एवढंच म्हटलं, "आई, जरा खाली जाऊन पत्रं आलीत का बघा ना." इतक्या सकाळी कसली पत्रं? तरी गेले.

बोर्डावर माझाच कागद होता, चारही कोपऱ्यांना टेप लावून. एक अक्षर बदललेलं नव्हतं. शेजारीण कुत्र्याला घेऊन उभी राहून तो वाचत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि निघून गेली. ती चहाला कधी आली नाही. लीज मात्र रिन्यू झालं. ग्रीन कार्ड यायला पुढे चार वर्षं लागली, पण तेवढी तेव्हा सगळ्यांनाच लागत होती. आठांपैकी तीन झेंडे पुढच्या रविवारपर्यंत बदलले गेले.

मी जवळ जाऊन कागद पुन्हा पाहिला. माझ्या सहीखाली निळ्या शाईत आणखी दोन ओळी होत्या. मी यांचा मुलगा, आमचं म्हणणं एकच आहे. आणि त्याखाली त्याचं नाव होतं. ऑफिसातलं एका अक्षराचं नाही. हजेरीपटातलं, चार अक्षरी, मधे वडिलांचं नाव, शेवटी आडनाव, आणि घरनंबर.

मी तिथेच उभी राहून ते मोठ्याने वाचलं, रोज सकाळी वर्गात वाचायची तसं. मग माझं मीच म्हटलं, "हजर."