घडीवर झिरपणारा होज

नवे होज येणार असले की मला आदल्या रात्री धड झोप लागत नाही. होज म्हणजे आगीच्या बंबावरचा पाईप. आतून रबर, बाहेरून जाड विणीचं कापड आणि दोन्ही टोकांना पितळी जोड. नगरपालिकेच्या बंबावर नोकरीला लागले तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता रोज आगीत उड्या मारणार. खरं तर आमचा निम्मा जन्म हे पाईप धुण्यात, वाळवण्यात आणि घड्या बदलून ठेवण्यात जातो. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. साखरखेर्ड्याच्या भाजीपाल्यावाल्या घरातली मी. पाण्याचा पाईप हातात आला की मला स्फुरण चढतं.

त्या वर्षी नवे होज आले, पण मागितले त्याच्या निम्मेच. आमच्या भागात होजची लांबी म्हणजेच बंबाची ताकद. पावसाळ्यानंतर काळ्या रानात गाडी उतरवली की चाकं रुतलीच म्हणून समजा. म्हणून बंब डांबरी रस्त्यावर उभा करायचा आणि होजला होज जोडत शेतापर्यंत पळायचं. लांबी कमी पडली तर लोक 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणून तोंडावर टोमणा मारतात, आणि त्यांचं चूक नसतं. तेव्हा जुन्यांपैकी जितके धड निघतील तितके आम्हाला हवेच होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी चाचणी लावली. होज पाण्याने भरायचा, दाब चढवायचा आणि कुठे गळतं ते बघायचं, एवढीच ती चाचणी, पण मी सकाळपासून नुसती नाचत होते.

बंबाच्या ड्रायव्हर काकांनी दाब चढवला आणि माझ्या नाचण्यावर अक्षरशः पाणी पडलं. एकूण एक जोडातून कारंजी! साहेब बाहेरून बदलून आलेले, घाईचा माणूस. म्हणाले, "जुने सगळेच बाद. संपला विषय."

"असे कसे सगळे एकदम बाद होतील?" मी एक जोड उघडून आतली रबराची रिंग काढली. ती फुगून मऊ झालेली, बोटांना तेलकट लागत होती. मी काकांकडे बघितलं. काका बंबावरच्या झेंडूच्या हाराकडे बघायला लागले.

काका शेतकरी माणूस. घरी दसऱ्याला वखर, डवरा, पांभर सगळं धुऊन तेल लावून लखलखीत करायची पद्धत. इथे तर घट बसल्यापासून त्यांनी रोज प्रत्येक जोडाला आतून-बाहेरून गोडेतेल चोळलं होतं. त्या नऊ दिवसांत आगीचा फोन आला नाही हे आमचं नशीब.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, रबर हाय ते आत! तेलानं फुगते! भजे तळाचे होते काय याच्यात?"

"अवं, अवजाराले तेल नाई लावलं तं दसरा कायचा?" काका म्हणाले, पण आवाज पडलेला होता. नव्या मालाबरोबर सुट्या रिंगा आल्या होत्या. काकांनीच त्या आणल्या आणि मान खाली घालून एकेक बसवायला लागले. मग मलाच हसू आलं.

पुन्हा दाब चढवला आणि एकेक जुना होज कोरडा ठणठणीत उभा राहिला. मी प्रत्येकाला टाळी वाजवत होते. एकच होज फसला. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर दुमडून त्याचं कापड विरलं होतं आणि त्या घडीवर पाणी झिरपत होतं. साहेब आता उलट फिरले. एवढ्याने काय होतं, राहू द्या म्हणाले. मी म्हटलं, हा कापायचाच. बाद होजचा जोड कापून टाकतात, म्हणजे चुकूनही कोणी तो वापरत नाही. मी करवत आणायला वळले आणि फोन वाजला. दुसरबीडच्या अलीकडे सोयाबीनच्या सुडीला, म्हणजे कापून रचलेल्या ढिगाला, आग.

अंगणातले होज गाडीत कसे कोंबले ते आम्हालाच ठाऊक. त्या गर्दीत झिरपणाराही आला.

शेतात कापलेल्या सोयाबीनच्या तीन सुड्या ओळीने उभ्या, ताडपत्री टाकलेल्या. कडेची पेटलेली, आणि वारा उरलेल्या दोघींकडे. मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी यायचं होतं. अख्खा हंगाम तिथे उभा होता. माझ्या आईच्या वयाची शेताची मालकीण फवारणीचा पंप पाठीवर घेऊन एकटीच आगीवर पाणी मारत होती. आम्ही रस्त्यावरून होज टाकत सुटलो. गावची माणसं वेटोळी घेऊन पुढे पळत होती, मी जोड लावत होते, खट् खट् खट्. शेवटचा जोड लावला आणि पुढे बघितलं. एक होज कमी पडत होता.

उरला होता तो एकच, झिरपणारा.

फुटला असता तर सगळं पाणी रानात गेलं असतं आणि दोन्ही सुड्या हातच्या गेल्या असत्या. नसता जोडला तर त्या गेल्याच होत्या. पंपापासून जितकं लांब, तितका दाब कमी, म्हणून मी तो सगळ्यात शेवटी, माझ्या हाताशी जोडला. मोबाइलवर काकांना ओरडले, "हळू सोडा! आंजारत-गोंजारत!"

"सोडून राह्यलो, पोरी. तू फक्त बोलत राह्य."

होज फुगत फुगत माझ्यापर्यंत आला. घडीवर पाण्याचे थेंब उभे राहिले, मग धारा लागल्या. भीती वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, मजाही तितकीच येत होती! जळती सुडी गेलीच होती. मी पाणी मधल्या सुडीवर धरलं.

"अवं, जळते ते इझव ना! तिकडं काऊन मारून राह्यली?" मालकीण मावशी किंचाळल्या.

"ते गेली, मावशी! ह्या दोन वाचवू द्या!"

मावशी पंप टाकून माझ्या मागे आल्या आणि माझ्याबरोबर होज काखेत दाबून धरला. झिरपणाऱ्या घडीचं पाणी दोघींच्या अंगावर. जळणारी सुडी हळूहळू बसली. मधलीची ताडपत्री आकसली, वरचा थर भिजला, पण ती पेटली नाही. तिसरीला धगही लागली नाही. मावशींनी मधल्या सुडीत कोपरापर्यंत हात घातला, आतल्या शेंगा काढून फोडल्या आणि दाणे माझ्या ओल्या तळव्यावर ठेवले. कोरडे! मी त्यांना मिठीच मारली.

परत आल्यावर साहेब म्हणाले, "बघा, चांगला होता की तो होज. उगीच कापायला निघाला होतात."

त्यांचं बोलणं मलाही खरं वाटत होतं. मी होज पुन्हा पंपाला लावला आणि काकांना दाब चढवायला सांगितलं. चाचणीचा पूर्ण दाब, आंजारणं-गोंजारणं नाही. काटा अर्ध्यावर गेला आणि धाडकन आवाज झाला. घडी या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. काका, साहेब, मी, सगळे नखशिखान्त भिजलो. आणि मी त्या पाण्यात उभी राहून टाळ्या पिटत ओरडत सुटले, "फुटला! इथं फुटला! काका, इथं फुटला!" रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. साहेबांनी तोंडावरचं पाणी पुसलं, आत गेले आणि करवत घेऊन आले.