पाटावरचा कॉम्प्युटर

बिघडलेली वस्तू समोर आली की बाई आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. मग ती वस्तू कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मीटर असो नाहीतर आमच्या घरचा मिक्सर. तिच्याभोवती एक चक्कर मारायच्या, वाकून वास घ्यायच्या, कान लावायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, "आधी पाहू तर द्या, सर. हात काय, कधीबी लावता येते."

आपल्याकडची रीत नेमकी उलटी. पंखा थांबला की काठीनं ढोसायचा, रेडिओ खरखरला की त्याला एक थापट द्यायची. तुम्हीही दिली असेल, मीही दिली आहे. बाईंचं हे नुसतं बघत राहणं मला सुरुवातीला ढोंग वाटायचं.

आम्ही दोघे एकाच कॉलेजात. त्या फिजिक्स शिकवायच्या, मी मराठी. घरंही एकाच गल्लीत, समोरासमोर. यंत्रांशी माझा संबंध घड्याळाला किल्ली देण्यापुरता, त्यामुळे पुढे जे सांगतो ते जसं मला समजलं तसंच सांगतो.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांचे बाबा. बाबा मूळचे रामटेककडचे, आयुष्य नागपूरच्या मिलमध्ये गेलं. तरुणपणी त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि लगेच वस्तीतल्या रात्रीच्या वर्गाला जाऊन बसले. बाईही तेव्हा नुकत्याच शाळेत जाऊ लागल्या होत्या. बापलेक एकाच कंदिलापाशी बाराखडी गिरवायचे आणि लेक बापाच्या चुका काढायची. पुढे बाबा हाती येईल ते वाचू लागले. भज्यांच्या पुडीचा कागदसुद्धा तेल टिपून वाचायचे.

मग त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजायला लागला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही, जेवढी नजर आहे तेवढी वापरून घ्या, वर्षभर टिकली तरी खूप. पेपर सुटला. पाटीवरची ठळक अक्षरंही गेली. शेजारधर्म म्हणून मी म्हटलं, रोज सकाळी येऊन पेपर वाचून दाखवतो. बाबांनी माझा हात धरला आणि नकार दिला.

"मास्तर, तुमी वाचान चांगलंच. पण दुसऱ्याच्या तोंडून गंज आयकलं, लय आयकलं जिंदगीत. मले माह्या डोयानं वाचाचं हाय."

बाईंनी घरात फळा आणला. एकेक शब्द फळाभर लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. बाबांना तो खडू राखाडी दिसायचा, आणि पुसता पुसता बाईंच्या साडीवर पीठ सांडल्यासारखं व्हायचं. तो उद्योग फार दिवस चालला नाही.

एका संध्याकाळी घरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही चालू होता. बातम्यांच्या आधी पडदाभर पांढरी अक्षरं आली आणि खुर्चीवरून बाबांनी ती खणखणीत वाचली, "समाचार!" ज्या माणसाला ताटातली चटणी दिसत नव्हती त्यानं वाचली. बाई हातातलं काम टाकून टीव्हीकडे बघत राहिल्या. कागदावरचं, फळ्यावरचं बाबांना दिसत नव्हतं. उजेडानं लिहिलेलं दिसत होतं.

बाई घरी एक कॉम्प्युटर आधीपासूनच बनवत होत्या, निव्वळ हौसेनं. तुमच्या डोळ्यांपुढे आज जे येतं ते विसरा. हा कॉम्प्युटर म्हणजे जेवायला बसायचा एक पाट. त्यावर खिळ्यांनी ठोकलेली हिरवी पट्टी, पट्टीवर काळ्या चिप्स, आणि तारांचा असा गुंता की माझी बायको म्हणाली, "अवं, हे शेवया वाळत घातल्या का वं?" कीबोर्ड टेलेक्सच्या भंगारातला, फ्लॉपीची पेटी कबाड्याकडची, पडदा म्हणून तोच टीव्ही. त्या समाचाराच्या संध्याकाळपासून पाट हौसेचा राहिला नाही. बाबांची नजर जायच्या आत त्यावर मराठी अक्षरं आणायची होती, हाताच्या पंजाएवढी.

एवढ्या सामानाला एकत्र कामाला लावायला ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा प्रोग्रॅम लागतो. तो मुंबईच्या एका मैत्रिणीनं फ्लॉपीवर पाठवला, पण तो होता दुसऱ्याच कुठल्या परदेशी मशीनचा. इतर कुठल्याही मशीनवर चालणार नाही, असं सोबतच्या कागदावर बजावून लिहिलं होतं. बाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "ते म्हणून राहिले तसं. आपण पाहू."

अडचण काय, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी मला चुलीपाशी नेलं.

"नवी सून आली समजा, सर. तिच्या माहेरी मीठ डाव्या फळीवर. इथंबी ती डावीकडंच हात घालते आन् हात लागते भिताडाले. मंग उभीच राहते बिचारी. तिले आपलं घर दाखवा लागते."

मग त्यांनी घर दाखवायला घेतलं. सिस्टीम जिथे जिथे आपला कीबोर्ड, आपला पडदा शोधे तिथे तिथे बाईंनी स्वतः लिहिलेला तुकडा ठेवला, की बाई गं, तो इथे आहे. ह्यात पावसाळा गेला, दिवाळी गेली.

संक्रांतीच्या सुमारास त्यांनी आम्हा नवराबायकोला बोलावलं. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर एकच अक्षर होतं, क. पांढराशुभ्र, पंजाएवढा. माझा जन्म ह्या अक्षरांत गेला आहे, त्यांच्यावर माझं पोट चालतं, पण त्या दिवशी ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. भंगार आणि पाट एकत्र करून एका बाईनं आपल्या घरात अक्षर पिकवलं होतं.

आम्ही बघत असतानाच त्या 'क'चं पोट नाहीसं झालं. मग शिरोरेषा तुटली. शेवटी नुसता एक दांडा उरला.

माझी बायको हळहळली. बाईंचे हात पाठीमागे गेले. त्या अक्षर पुन्हा आणायच्या आणि ते कुठून कुरतडलं जातं ते बघत राहायच्या. संक्रांतीचा तिळगूळ संपला तेव्हा त्यांना सापडलं. मशीनच्या ज्या जागेत त्यांनी अक्षरं ठेवली होती ती जागा सिस्टीमला रिकामी वाटत होती, म्हणून ती तिथे आपलं सामान आणून टाकत होती.

"मंग काय केलं?" मी विचारलं.

"तिले सांगतलं, घर दोन खोल्यांचंच हाय. तिसरी खोली हाय म्हणून सांगतलंच नाही." बाई खुदकन हसल्या. अक्षरं त्या दिवसापासून शाबूत राहिली.

वाटलं, जिंकलो. पण बाकीची अक्षरं, काने-मात्रे करता करता एप्रिल लागला आणि मशीन थिजायला लागलं. आमचं कॉलेज सकाळचं. बाई उजाडताच उठून मजकूर लिहायच्या तेव्हा ते शहाण्यासारखं चालायचं. कॉलेजहून परतून बाबांना समोर बसवलं की दोन शब्द दाखवायचं आणि मेल्यासारखं पडायचं. ओळखीचे एक इंजिनिअर येऊन बघून गेले. सज्जन माणूस. म्हणाले, "मॅडम, मुळात ही सिस्टीम ह्या मशीनची नाही. कुठेतरी अडकणारच." बाईंच्या मनाला ते लागलं. आपलंच कुठेतरी चुकलंय असं धरून त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा तपासायला घेतलं. इकडे बाबा तांब्या धरायला हात टाकायचे आणि तो हात तांब्याच्या शेजारी पडायचा. मी ते बघत होतो आणि मला बाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

गल्लीचं मत वेगळं होतं. गल्ली म्हणाली, ऊन. सकाळी चालते, दुपारी थांबते, मग दुसरं काय असणार? आणि नागपुरात तापलेल्या वस्तूवर उपाय एकच, कूलर. खिडकीतल्या कूलरचं तोंड बाबांवरून काढून पाटाकडे वळवलं, आणि पाट तापल्यासारखा वाटला की कुणी ना कुणी पंपाचं बटण दाबू लागलं. खसाची गार हवा त्या काळ्या चिप्स खाऊ लागल्या आणि बाबा टॉवेलनं घाम पुसू लागले. मशीन पहिल्याहून लवकर थिजायला लागलं.

मे महिन्यातल्या एका भर दुपारी मी तिथे गेलो तर बाई हात मागे बांधून उभ्या. पण नजर मशीनवर नव्हती, वर ट्यूबलाइटवर होती. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग चालत गेल्या आणि कूलर बंद केला.

"काहून बंद केला?" मी दचकलो.

"ऊन सकाळी नसते," बाई म्हणाल्या, "पण सर, कूलर बी सकाळी नसते. आपण साऱ्यायनं उन्हालेच धरलं."

कूलरची मोटर, त्याचा पाण्याचा पंप चालू होताना दर वेळी ट्यूबलाइट किंचित लुकलुकत होती. तोच धक्का तारेतून पाटापर्यंत जात होता. एवढंच होतं. सून निर्दोष होती, बाईंचं लिखाणही निर्दोष होतं, आणि आम्ही सगळ्यांनी प्रेमानं कूलरचं तोंड रोग्याकडे वळवलं होतं. बाई पदरानं डोळे पुसू लागल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. वयानं मोठा नसतो तर पडलोही असतो.

त्या म्हणाल्या, "बाबा, पाटासाठी मी अलग तार टाकते. दोन-चार रोज थांबा."

बाबांनी डोक्यावर ओला दुपट्टा टाकला आणि खुर्ची पुढे ओढली. "कूलर राहू दे बंद. मिलमंधी कापडाच्या साच्यावर उभा राहिलो मी, मले ऊन काय सांगतं वं? अक्षर दाखव."

त्या दुपारपासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत बाबांनी रोज वाचलं. मग नजर पुरती गेली. पुढे बाबा गेले, आणि काही वर्षांनी बाईही गेल्या, आजार कळायच्या आत. त्यांच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. पण मला बाई आठवतात त्या ह्याच दुपारच्या, म्हणून ती पुरी सांगतो.

बाईंनी पेपरातली रामटेकच्या तलावाची बातमी लिहून ठेवली होती. एकेक शब्द पडद्यावर येऊ लागला. रात्रीच्या वर्गात मोठ्यानं वाचायला शिकलेला माणूस जन्मभर मोठ्यानंच वाचत आला होता. आताही बाबा सुरुवातीला अडखळले, "रा... म... टे... क," आणि मग आवाज चढला, गल्लीतून जाणारे लोक दारात थांबून ऐकू लागले. बातमी संपली.

"पुढं?" बाबा म्हणाले.

पुढे लिहिलेलं काही नव्हतं. बाईंनी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि तिथल्या तिथे टाइप करू लागल्या. "बाबा पाणी पाहिजे का," बाबांनी मोठ्यानं वाचलं आणि पडद्यालाच उत्तर दिलं, "नाही पाहिजे." दारातली माणसं हसली. बाई हसल्या नाहीत, टाइप करत राहिल्या. "बाबा मी लहान होती तवा," एवढं बाबांनी वाचलं आणि त्यांचा आवाज बंद झाला.

मला वाटलं, मशीन पुन्हा थिजलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड हलत होता. शब्द येत होते, जात होते. अक्षरं पंजाएवढी, नुसती मान वळवली असती तरी मला वाचता आली असती. मी मान वळवली नाही. दारातल्या लोकांना हातानं खूण करून बाहेर काढलं, मीही बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आत बाई लिहीत होत्या, आणि बाबा पहिल्यांदाच मनात वाचत होते.