फायब्रायझरवरचा नारळ

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या सहकारी साखर कारखान्याचा मागचा हंगाम झालाच नव्हता. सभासदांचा होता तेवढा ऊस चारा छावण्यांत गेला, आणि त्यात चूक काही नव्हतं. डोळ्यांदेखत जनावरं कोण मरू देईल? निम्म्याहून जास्त कामगार पोटापाण्याला बाहेर पडले होते. यंत्रांची मापं घेणारी उपकरणं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्या विभागात मी एकटाच उरलो होतो आणि मोजण्यासारखं काही चालू नव्हतं.

उन्हाळ्यात कळलं, की काही खाजगी मंडळी कारखाना भाड्याने चालवायला घेणार आहेत. दसरा झाला की बघायला येतील. त्यांना पसंत पडला तर बॉयलर यंदाच पेटेल, नाही तर कॉलनीतली घरं सोडावी लागतील. वाक्याचा हा दुसरा भाग कोणी उच्चारत नव्हतं. चीफ इंजिनिअर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "सगळ्या यंत्रांची तब्येत एका पडद्यावर दिसली पाहिजे. बघणाऱ्याला दोन मिनिटांत पटलं पाहिजे. जमंल का?"

जमण्यासारखं होतं. चांगल्या दिवसांत मागवलेले सेन्सर खोक्यांतच पडून होते. रस पिळणाऱ्या मिल, टर्बाइन, पंप आणि उसाच्या चिंध्या करणारा फायब्रायझर, अशा ठिकाणी मी ते बसवले. प्रत्येक बेअरिंगचं तापमान आणि कंपन पडद्यावर घेतलं. धोक्याच्या मर्यादा निव्वळ यंत्रांच्या पुस्तिकेतून उचलल्या नाहीत. यंत्रं जुनी आहेत म्हणून शेवटच्या चालू हंगामातले आकडे काढून त्यांच्याशी ताडून पाहिल्या. आकडा मर्यादेत असेल तर त्या यंत्राचा चौकोन हिरवा, जवळ आला तर पिवळा, ओलांडली तर लाल.

पहिल्यांदा पडदा लावला तेव्हा सगळीकडे हिरवं. कंपन शून्य. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा निरोगी कारखाना मी पाहिला नव्हता.

मी साहेबांना म्हणालो, "बंद यंत्राला हिरवं दाखवणं बरोबर नाही. बंद असेल तर राखाडी करतो."

"कावून? रोग न्हाई ना त्याला? मग हिरवंच."

"मेलेल्या माणसालाही ताप नसतो, साहेब."

साहेब म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं. पण त्या पाहुण्यांसमोर असलं बोलू नका." राखाडी झालं. संचालकांपैकी एकांना तो रंग राखेसारखा वाटला, म्हणून प्रत्येक चौकोनात खाली 'बंद – सुस्थितीत' असं लिहिलं. तेवढं खरं होतं.

पडद्यावर हलणारी एकच रेघ होती, तापमानाची. सकाळी खाली, दुपारी वर, संध्याकाळी पुन्हा खाली. छताचा एक पत्रा वाऱ्याने उडाला होता, तिथून ऊन थेट दुसऱ्या मिलवर पडायचं. मे महिन्यात एका दुपारी तिचं बेअरिंग पिवळं झालं. वर्षभर न फिरलेलं बेअरिंग तापलं म्हणून मी धावत गेलो. पत्र्याच्या भोकातून ऊन येत होतं. घरी हे सांगितलं तर टँकरच्या पाण्याच्या घागरी लावता लावता बायको म्हणाली, "मग तुमच्या त्या टीव्हीला ऊन कळतं म्हणा. पाऊस कळतो का?"

पाऊस आला तो भुरभुर येऊन गेला.

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी यंत्रांची पूजा करतो. हंगाम असो नसो, ती चुकत नाही. उरलेले सगळे आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आले. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. मिल हाऊसचा फिटर माझ्या बरोबरीने कारखान्यात लागलेला. नारळ फोडायचा मान त्याचा. तो दगडावर कधी फोडत नाही, फायब्रायझरच्या बेअरिंगवरच फोडतो. यंत्राचा नारळ यंत्रावर, अशी आमच्याकडची रीत.

"अरे, तिथं सेन्सर हाय!" मी ओरडेपर्यंत नारळ फुटला होता.

"मग काय झालं? त्यालाबी परसाद मिळू दे की बे," तो म्हणाला. सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी त्या शेडमध्ये कोणी हसलं असेल.

सेन्सर शाबूत होता. पण पडद्यावर, महिनोन्‌महिने आडव्या पडलेल्या कंपनाच्या रेघेत, एक उभी सुई निघाली. लाल. साहेब म्हणाले, "पाहुणे यायच्या आधी पुसून टाका." मी म्हटलं, मोजलेलं आहे ते पुसणार नाही, विचारलं तर सांगेन. ते चिडले नाहीत. चिडण्याइतकं त्यांच्यातही काही उरलं नव्हतं.

पाहुणे तिघं आले. त्यातले वयस्कर होते ते यंत्रातले जाणकार होते. त्यांनी पडदा नीट पाहिला, घाई केली नाही. आणि त्या सुईवर बोट ठेवलं. "हे काय?"

माझ्या मागे साहेबांचा श्वास ऐकू आला. "नारळ," मी म्हणालो. "खंडेनवमीचा."

ते मोठ्याने हसले. "आमच्याकडे पण तसंच करतात." मग त्यांनी मर्यादा कशा ठरवल्या ते विचारलं, राखाडी का ते विचारलं, आणि मान डोलावली. माझ्या कामाबद्दल कोणी इतकं नीट विचारल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, झालं. बॉयलर पेटला.

ते उठले आणि साहेबांना म्हणाले, "यंत्रं ठणठणीत आहेत, काही शंका नाही. पण येताना आम्ही माजलगाव धरणाच्या भिंतीवर थांबलो होतो. मृतसाठ्यातसुद्धा तळ दिसतोय. या यंत्रांत घालायचं काय, ते सांगा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. उसाचा चौकोन मी पडद्यावर काढलाच नव्हता, आणि काढला असता तरी त्यात लिहायला काही नव्हतं. चहा झाला. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं. कळवलं नाही.

पुढच्या वर्षी कारखान्याची वीज तोडली गेली, पडदा बंद झाला. कॉलनीत चार घरं उरली होती, त्यातलं एक आमचं. सामान बांधून ठेवलेलं होतं. खंडेनवमीला आम्ही चौघं शेडमध्ये गेलो. फिटरने नारळ हातात घेतला, बेअरिंगजवळ गेला आणि सेन्सर बघून थांबला. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं.

"फोड," मी म्हणालो. "आता कुठं उमटतंय ते."

नारळ पहिल्या घावात फुटला नाही. दुसऱ्यात फुटला. खोबरं नासकं निघालं.