पाठमोरी गर्दी

वस्तीतल्या तरुण पोरांना आरोग्याच्या बैठकीला जमवणं हे ताईंचं काम. काम किती झालं, ते ऑफिस फोटोतली टाळकी मोजून ठरवायचं. दारोदार हाका मारून ताईंचा घसा बसायचा, तरी चार जण आले तर नशीब. "तुमची वस्ती ढिम्म हलत नाही," साहेब फोनवर करवादायचे.

न चुकता येणारा एकच पोरगा होता. परवा तोही नशेपायी गेला. त्याला पोहोचवायला अख्खी गल्ली लोटली. डोळे पुसता पुसता ताईंचा मोबाइल धरलेला हात सवयीने वर गेला, आणि पाठमोऱ्या गर्दीचा फोटो ऑफिसला गेलासुद्धा.

साहेबांचं उत्तर लगेच आलं. "याला म्हणतात काम. पुढच्या बैठकीलाही एवढी माणसं दिसू द्या."