मामांची तुतारी

"तुतारीवाले अजून आले नाहीत का?"

विचारणारी बाई आमच्यापासून चार हातांवर उभी होती. हातात यादी, कानामागे पेन. तिनं हे कोणाला विचारलं ते कळलं नाही. माझ्या शेजारी मामा पिशवीतून खंजिरी काढून तिच्यावर गुंडाळलेलं फडकं सोडत होते. त्यांनीही ऐकलं. मान वळवून हॉलच्या दाराकडे पाहिलं आणि हळूच मला म्हणाले, "तुतारीवालाही बलावला वाटते. मोठा कारेक्रम दिसून राहिला वं."

मी त्यांच्या पिशवीत डोकावून पाहिलं. त्या यादीतले तुतारीवाले म्हणजे मामाच होते. तसं मीच लिहिलं होतं. आणि मामांच्या पिशवीत खंजिरी होती, टॉवेल होता, आईनं दिलेला डबा होता. तुतारी नव्हती.

दौऱ्याच्या तालमीचा तो पहिला दिवस. एक संस्था सात लोकगायक निवडून त्यांना शहराशहरांत नेणार होती. आधी नागपूर, मग इंदूर, भोपाळ, जयपूर, शेवटी दिल्ली. चार महिने. अर्ज इंग्रजीत भरायचा होता, आणि आमच्या नातेवाइकांत कुठंही इंग्रजी कागद आला की तो नागपुरात नंदनवनला आमच्या घरी येतो. बँकेचं पत्र असो की औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, "पोरीले दाखवा, ते इंग्लिशमधी शिकली" असं म्हणून माझ्या हातात दिला जातो.

अर्जात एक रकाना होता. कोणतं वाद्य, कधीपासून. मी मामांना फोन लावला. मागे ट्रॅक्टर सुरू होता, त्यामुळे दोघांनाही ओरडावं लागत होतं.

"मामा, तुमची सुरुवात कशी झाली?"

"आठ वर्साचा होतो वं! बाबानं हातात तुतारी देली आन् म्हणे, चाल! तेव्हापासून जे गाऊन राहिलो ते आजपर्यंत!"

मी लिहिलं, अर्जदार वयाच्या आठव्या वर्षापासून तुतारी वाजवतात. हे एक बाकदार पितळी वाद्य असून पूर्वी राजांच्या स्वागताला वाजवलं जाई. ते दुसरं वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं.

तुतारी मला शाळेतल्या मराठीच्या पुस्तकातून माहीत होती, चित्रासकट. मामांच्या घरात ती कुठं टांगलेली असते हे मी विचारलं नाही. न विचारणं हा माझा जुना दोष आहे. सात-आठ वर्षांची असताना मामांच्या अंगणात बांधलेला गोऱ्हा बघून मी विचारलं होतं, ही गाय किती दूध देते? मामेभाऊ खाटेवर लोळून हसले. "इंग्लिशवाली बाई गोऱ्ह्याचं दूध पेते!" हे पुढचे पाच उन्हाळे चाललं. तेव्हापासून गावात एखादा शब्द अडला की मी चेहरा हलू देत नाही, मनातल्या मनात अंदाज बांधते. अंदाज बहुतेक बरोबर निघतो, म्हणून सवय सुटली नाही.

मामांचं गाव उमरेड रोडनं पुढं, मग बस सोडून आत. कापूस, तूर, थोडा गहू. पण त्या भागात त्यांना शेतकरी म्हणून कोणी ओळखत नसे. ते धुरकरी होते, म्हणजे शंकरपटात बैलजोडी पळवणारे. मी पट एकदाच पाहिलाय, आईच्या मागे अर्धी लपून. दोन जोड्या शेजारीशेजारी, मागे नावापुरती हलकी गाडी, तिच्यावर पाय रोवलेला माणूस. झेंडी पडली की धूळ आणि आरडाओरडा, आणि रोखलेला श्वास सोडायच्या आत सगळं संपलेलं.

मामांचा आवाज तिथंच निघाला असं सगळे सांगतात. दोन शर्यतींच्या मध्ये वेळ जाता जात नसे. माइकवरचा माणूस चहाला गेला की मामा माइक धरायचे आणि कोणाच्या जोडीवर, कोणाच्या मिशीवर जागच्या जागी गाणं जुळवायचे. हरलेल्यांवर जास्त. लोक शर्यत सोडून ते ऐकायला थांबू लागले. मग एका वर्षी मामांनी पट एकदम सोडला. का, ते घरात कोणी बोलत नसे. मामा भजनी मंडळात गेले, तिथून लग्नांत, गणपतीत, तालुक्याच्या कार्यक्रमांत. मी अकरावीत असताना त्यांचं एक गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून नेटवर टाकलं. ते कुठून कुठं गेलं कोण जाणे, पण या दौऱ्यासाठी अर्ज करा म्हणून निरोप आला तो त्याच गाण्यामुळे.

*झेंडी पडली, धूळ उडाली,*
*तुतारी लागली, डावा पुढं झाला,*
*डाव्या गा, माह्याकडं पायजो एकडाव.*

डावा म्हणजे जोडीतला डावीकडचा बैल, आणि मामा त्याला एकदा माझ्याकडे बघ म्हणतात. एवढं मला कळत होतं.

यंदा दौऱ्यासाठी मामांनी शेत मक्त्यानं दिलं, म्हणजे वर्षभर दुसऱ्या कोणाला कसायला. बैल साळ्याकडे नेऊन बांधले. निघताना गावकऱ्यांनी पंचायतीसमोर त्यांना शाल-नारळ दिला, सरपंचांनी भाषण केलं. आता चार महिन्यांच्या आत ते गावात दिसले असते तर करायला काम नव्हतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

यादीवाली बाई शेवटी आमच्याकडे वळली. "काका, तुम्हीच ना तुतारीवाले? तुतारी कुठंय?"

मामा हसले. "तुतारी आता कायले आणू जी? बैल तं साळ्याकडं हायेत."

बाई हसली. मागच्या रांगेतले ढोलकीवालेही हसले. "काका जोरात आहेत," ती म्हणाली. "असू द्या, सरांनी एक आणवून ठेवलीय इतवारी बाजारातून. पण कार्यक्रमाची सुरुवात तुमच्या तुतारीनंच आहे हं. अंधार, तुतारी, आणि मग तुमची एन्ट्री."

ती गेली. मामा अजून हसत होते, पण आपण कशावर हसतोय हे त्यांना नीट कळलेलं नव्हतं. बैल आणि तुतारी. ते दोन शब्द एकाच वाक्यात कसे आले, हे माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मी त्यांना पाण्याच्या पिंपाजवळ बाहेर घेऊन गेले.

"मामा, तुतारी म्हणजे काय?"

त्या गोऱ्ह्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारत होते.

"काठी वं." त्यांनी दोन्ही हात पसरून लांबी दाखवली. "टोकाले आर राहते, खिळ्यासारखी. बैल हाकाची. शाळेत नाई शिकवत का?"

"शाळेत वाजवायची शिकवतात."

मग मी अर्जात काय लिहिलंय ते सांगितलं. राजांच्या स्वागतासकट. मामा इतके हसले की पिंपाला हात टेकावा लागला. "म्हणजे मी राजाच्या दारात काठी फुकून राहिलो होतो!" आणि मग एकदम थांबले. आत कोणीतरी हार्मोनियम लावून बघत होतं.

"आणि गाण्यातली तुतारी?" मी विचारलं.

"तेच तं."

ते पिंपाच्या तोटीकडे बघत बोलले. शेवटच्या पटात जोडी मागे पडत होती. त्यांनी डाव्याला तुतारी लावली. एकदा नाही, तीनदा. जिंकले. घरी आणल्यावर डाव्याच्या पुठ्ठ्यावरची जखम चिघळली. महिनाभर मामा गोठ्यात बसून हळद-तेल लावत होते आणि तो बैल त्यांच्याकडे बघत नव्हता. मामा आत आले की मान फिरवायचा. ते गाणं त्यांनी तिथं बसून, पाठ फिरवलेल्या बैलाला म्हटलं होतं.

मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं. मला ते जिंकल्याचं गाणं वाटायचं. आतल्या लोकांनाही तसंच वाटत होतं. म्हणून तर अंधार, मग तुतारी, मग मामा.

"मी जाऊन सांगते सरांना," मी म्हणाले. निदान म्हणाले तरी.

"काय सांगशीन? बैल टोचणारा माणूस हाय म्हणून?" मामांचा आवाज खाली गेला. "आजकाल कुत्र्याले दगड मारला तरी लोकं फोटो काढतेत. यायच्यासमोर नाई सांगाचं. माही शपथ हाय तुले. आपून वाजवून पाहू. फुकाचंच तं हाय."

स्वतःच्या कोटीवर ते स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

आमचा नंबर जेवणाच्या आधीचा. दोन तास मी खुर्चीत बसून इतरांची गाणी ऐकली आणि त्यातलं एकही मला आठवत नाही. दौरा बसवणारे सर पन्नाशीचे, शांत, प्रत्येकाला "छान" म्हणणारे. ओरडणारा माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. अशा शांत माणसाला खोटं पडल्यावर तोंड कसं दाखवायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

मामांना बोलावलं. तुतारी लखलखीत होती, वर वळलेली, पुस्तकातल्या चित्रासारखीच. मामांनी ती मधोमध धरली. काठी धरतात तशी. मग सरांनी दाखवल्यावर तोंडाला लावली आणि फुंकली. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकली, तर अडलेल्या म्हशीसारखा आवाज निघाला. ढोलकीवाले "अरे वा वा!" म्हणाले आणि हॉल हसला. तिसऱ्या वेळी मामांचे डोळे लाल झाले आणि आवाज आलाच नाही.

सर हसले नव्हते. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला. माझा अर्ज. तो लांबूनही मला ओळखू आला.

"काका, इथं लिहिलंय की तुम्ही आठव्या वर्षापासून वाजवता. हे खरं नाही का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं आणि नजर काढून घेतली. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, मग ती पाळण्यातली असो की लग्नाची. तिची चूक चारचौघांत दाखवायची नसते.

"खरं हाय जी," मामा म्हणाले. "येत होती. मंग दोन दात पडले, आता हवा निसटते."

मामा अजून ऊस दातांनी सोलतात.

"मग तसं कळवायचं ना," सर म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही. "अर्जातली ही तुतारी बघून मी दोन चांगल्या गायकांना नाही म्हणालो. आणि काका, तुतारीचं एक वेळ सोडा. चार महिने एका गाडीत राहायचं, तर मला माणसाच्या शब्दाचा भरवसा लागतो. मला वाटतं, आपण इथंच थांबू या."

यादीवाल्या बाईनं कानामागचं पेन काढलं.

मामा वाद घालणार नाहीत हे मला दिसत होतं. त्यांनी तुतारी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, सरांना नमस्कार केला आणि खंजिरीवर फडकं गुंडाळायला लागले. एक पदर, दुसरा पदर, मग गाठ. ती गाठ बसली की आम्ही उठून बसस्टॉपवर जाणार होतो, आणि मी वाटेत त्यांना म्हणणार होते की जाऊ द्या मामा, आणि ते म्हणणार होते की जाऊ दे वं. माझ्या मनात दोन तासांपासून एक पूर्ण इंग्रजी वाक्य तयार होतं, माफीपासून सुरू होणारं. पण ते त्या अर्जासारखंच होतं. नीट, वाचायला बरं, आणि त्यात मामा कुठंच नव्हते.

मी उभी राहिले. खुर्ची मागे घासली गेली, तिचा आवाज फार मोठा झाला. सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"बस वं," मामा खाली बघत पुटपुटले. "शपथ घातली ना तुले."

बाईचं पेन कागदावर टेकलेलं दिसत होतं.

"सर, आमच्याकडची तुतारी वाजत नाही," मी म्हणाले. "बैलाला टोचायची काठी असते ती, टोकाला खिळा असलेली, आणि गाण्यातही तीच आहे, डाव्याला लागलेली, त्याचीच ते माफी मागतायत. अर्ज मी भरलाय, न विचारता, त्यांना इंग्रजी येत नाही. आणि दात सगळे आहेत त्यांचे."