तीनच बटणं

रिमोट हातात घेतला की ते आधी डोळे मिटायचे. अंगठा वरून खाली, एकेका बटणावरून सावकाश फिरवायचे आणि डोळे मिटलेलेच ठेवून विचारायचे, "हेला बटनं किती?"

किमतीचं नंतर. आधी बटणं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत माझ्याकडे टीव्हीपेक्षा रिमोटच जास्त यायचे. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले रंगीत टीव्ही अजून धड होते, पण त्यांचे रिमोट पडून, चहा सांडून, पोरांनी चावून कामातून गेले होते. बनवणाऱ्या कितीतरी कंपन्यांनी गाशा गुंडाळला होता, त्यामुळे तसाच रिमोट मिळायचा नाही. मग लोक कुठल्याही टीव्हीला चालणारा रिमोट न्यायचे. बटणं जितकी जास्त तितका गिऱ्हाइकाला तो भारी वाटायचा. तुम्हीही असा एखादा घरात आणला असेल आणि त्यातली चारच बटणं वापरली असतील. कमी बटणांचा मागणारा मला एकच माणूस भेटला.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढं चाळीस बटणांचा रिमोट ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला, डोळे उघडले आणि म्हणाले, "पावणं, मला टीव्ही लावायचा हाय. इमान उडवायचं न्हाई."

साठीचे असतील. उंच, जरासे वाकलेले, पांढरा सदरा, कपाळावर भस्माची पुसट पट्टी. पेठेतल्याच एका कापडदुकानात ते लहान वयापासून कामाला होते. थानातलं कापड दोन बोटांत धरून त्यांनी सांगावं, धुतल्यावर आटणार की नाही. बायका त्यांचंच ऐकायच्या, मालकाचं नाही. बोटांवर त्यांचा डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास, म्हणून डोळे मिटतात असं मला वाटायचं. तसं नव्हतं. रिमोट त्यांच्या बहिणीसाठी हवा होता आणि तिला नीट दिसत नव्हतं.

ते तिला अक्का म्हणायचे. त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. मूळ गाव सीमेपलीकडचं, घरची बोली कानडी. आई लवकर गेली. अक्काचं लग्न झालं, पण नवरा वर्षभरात वारला आणि ती माघारी आली. धाकट्या भावाला घेऊन कोल्हापुरात आली, लोकांच्या भाकऱ्या भाजून तिनं त्याला मोठं केलं. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. दोघं एका खोलीत राहायचे, पुढं खोली, मागं मोरी.

आता अक्काला साखरेनं घेरलं होतं. डोळे मंदावले होते, आणि त्याच्या आधीच आठवण जायला लागली होती. नवल म्हणजे पहिल्यांदा गेली ती मराठी. पन्नास वर्षं मराठीत बाजारहाट केलेली बाई, तिला मराठी शब्द कळेनासा झाला. लहानपणची कानडी तेवढी शिल्लक राहिली. भावाला ती "तम्मा" म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. ते कामावर गेले की घरात कानडी बोलणारं कुणी नसायचं. मग ती घाबरायची.

त्यावर त्यांना उपाय सापडला होता. केबलवर एक कानडी वाहिनी यायची. तिथं कुणी काही बोलत असलं, बातम्या असोत, कीर्तन असो, की अक्का गप्प बसून ऐकायची. आपलीच माणसं घरात आली आहेत असं तिला वाटायचं. मधेच त्यांना उत्तरंही द्यायची. पण चुकून दुसरं बटण दाबलं गेलं आणि मराठी-हिंदी आवाज सुरू झाले, की घरात परके शिरले असं तिच्या मनात यायचं. मग ती उठायची. "मनिगे होगूण," म्हणायची. घरी जाऊया. आणि स्वतःच्याच घरातून बाहेर पडायची. एकदा कोपऱ्यापर्यंत गेली होती, तिथल्या भाजीवालीनं हाताला धरून माघारी आणली.

शेजाऱ्यांनी सुचवलं, बाहेरून कडी घालून जात जा. हे मला सांगताना त्यांचा आवाज उतरला. "अक्काला कोंडू?" म्हणाले. "मला जमायचं न्हाई त्ये."

महिनाभर आम्ही रिमोटच शोधत होतो. मी कुठून कुठून मागवायचो, ते दुपारच्या सुट्टीत येऊन अंगठा फिरवायचे आणि नको म्हणायचे. एकाची बटणं फार जवळ, एकाची फार गुळगुळीत. एकाचं लाल बटण मधोमध, ते चुकून दाबलं जाणार. एक मोठ्या बटणांचा मिळाला. तो त्यांना आवडला, घरी नेला, पण त्याच्यात एक खोड होती. कुठल्या कंपनीचा टीव्ही ते ओळखायला त्यात एक नंबर भरावा लागायचा, आणि सेल काढले की तो नंबर विसरायचा, पुन्हा भरून द्यावा लागायचा. मी हे सांगितल्यावर त्यांनी रिमोट उलटा करून सेलांचं झाकण काढून बघितलं.

"सेल काडला की इसरतोय," ते म्हणाले. "म्हंजे अक्कासारकंच की."

आम्ही दोघंही हसलो. त्यांना इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

शेवटी मीच म्हणालो, अण्णा, कमी बटणांचा मिळत नाही, तर असलेली बटणं आपण मारून टाकू. तोच मोठ्या बटणांचा रिमोट उघडला. आतली रबराची चटई काढली, आणि खालच्या सर्किटवर नको त्या सगळ्या ठिकाणी पातळ टेप चिकटवला. आता दाबलं तरी काही होणार नव्हतं. जुन्या एक्स-रेची फिल्म कापून वरून बसवली, तिला तीनच भोकं ठेवली. चालू-बंद, आवाज मोठा, आवाज लहान. दुसऱ्या दिवशी ते दुकानातून कोटाचं एक जाड बटण घेऊन आले. चालू-बंदवर ते चिकटवून मागितलं, हाताला लगेच लागावं म्हणून. मग मी त्यांच्या घरी जाऊन टीव्हीच्या एक नंबरवर कानडी वाहिनी लावून दिली. टीव्ही सुरू केला की तीच लागणार. दुसरं काही लागायला मार्गच ठेवला नाही.

अक्का खाटेवर बसली होती, ठेंगणी, एक हात भिंतीला टेकवून. त्यांनी तिचा अंगठा धरून त्या बटणावर ठेवला. तिनं दाबलं. कानडी बाईचा आवाज आला, तशी अक्कानं मान हलवली आणि काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणाल्या? ते म्हणाले, आलेल्या बाईला चहा कर म्हणती.

त्या दिवसापासून मी पावणा राहिलो नाही. "काय इंजनेर," असं म्हणत ते दुकानात शिरायचे. सेल बदलायला महिन्या-दीड महिन्यानं यायचे, मी रिमोट उघडून, टेप उचलून नंबर भरून द्यायचो आणि टेप पुन्हा चिकटवायचो. अक्कानं आज टीव्हीतल्या मंत्र्याला दटावलं, आज बातम्या देणाऱ्या पोरीला लग्नाचं विचारलं, असं सांगायचे. असं वर्ष-सव्वा वर्ष गेलं. माझ्या कामाचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. गिऱ्हाइकांना मी ती गोष्ट रंगवून सांगायचो.

आता पुढचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं.

उन्हाळा होता. केबलवाल्याचा माणूस दुकानात येऊन सांगून गेला की परवापासून सगळ्या वाहिन्यांच्या जागा बदलणार आहेत. दोन-तीन वर्षांतून एकदा हे व्हायचं. असं झालं की लोकांचे टीव्ही पुन्हा लावून द्यावे लागायचे, घरोघरी बोलावणं यायचं. मला आनंदच झाला. त्या सकाळी दुकान उघडताना अण्णांची आठवण झाली. त्यांच्या एक नंबरवर आज भलतंच काही लागणार, हे मला माहीत होतं. दुपारी जाऊन लावून देऊ, असं ठरवलं. त्यांच्या कापडदुकानात नुसता एक निरोप दिला असता तरी चाललं असतं. पण बोलावण्यावर बोलावणी येत गेली. या घरातून त्या घरात, तिथून तिसऱ्या. दुपार टळून गेली. जेवलोही नाही त्या दिवशी, एवढं काम होतं.

पाचच्या पुढं त्यांच्या घरी पोचलो. दार सताड उघडं होतं. टीव्हीवर हिंदी सिनेमातली मारामारी चालली होती, आवाज पार शेवटपर्यंत वाढवलेला. रिमोट खाटेजवळ जमिनीवर पडला होता. तिनं काय केलं असेल ते माझ्या लक्षात आलं. घरातले परके जावेत म्हणून हाताला लागेल ते दाबत राहिली असेल. दाबायला तीनच बटणं होती. आणि आवाज तेवढा वाढत गेला.

मी पळत कापडदुकानात गेलो. ते एका बाईला पडद्याचं कापड मोजून देत होते. माझं तोंड बघितलं आणि मीटरपट्टी हातात घेऊनच बाहेर आले.

सगळी पेठ शोधायला निघाली. स्टँड, देवळं, तळ्याचा काठ, दवाखाने. पोलिसांत सांगितलं. ते कुणाशी बोलत नव्हते, नुसते पुढं चालत होते, आणि प्रत्येक बोळाच्या तोंडाशी "अक्का" अशी एकच हाक मारत होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती शहराबाहेर सहा-सात किलोमीटरवर, उचगावात सापडली. एका पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर बसली होती. एवढं अंतर ती कशी गेली, कुणी वाटेत गाडीत घेतली की सगळं चालत गेली, ते कळलं नाही. गिरणीवाल्यानं पाणी दिलं होतं, भाकरी दिली होती. ती काय बोलते ते कुणालाच कळत नव्हतं, म्हणून लोकांनी वेडी समजून सोडून दिली होती. पायात काही नव्हतं. उन्हाळ्यातला डांबरी रस्ता, तळपायांची कातडी सोलून निघाली होती. साखरेमुळं तिला ते जाणवतही नव्हतं. अण्णा समोर जाऊन गुडघ्यावर बसले. तिनं त्यांचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "तम्मा, मनिगे होगूण."

जखमा चिघळल्या. आधी बोटं काढली, मग घोट्यापासून पाऊल. सरकारी दवाखान्यात ते खाटेखाली चटई टाकून राहिले. तिथं टीव्ही नव्हता. कामावरून रजा काढून ते दिवसभर तिच्या कानाशी कानडीत बोलत बसायचे. मी जायचो, दाराशी उभा राहायचो. बावीस-तेवीस दिवसांनी ती गेली.

मातीला मी होतो. माती झाल्यावर सगळ्यांच्या आधी निघून आलो.

पंधरा दिवसांनी ते स्वतःच दुकानात आले. दाढी वाढलेली, सदरा मात्र धुतलेला. बाकावर बसले. मी चहा मागवला, तो त्यांनी तसाच ठेवला. मग म्हणाले, त्या दिवशी टीव्हीवर दुसरंच कसं लागलं, तेवढं मला सांगा. रिमोट बिघडला होता काय?

नाही म्हणालो. केबलवाल्यानं जागा बदलल्या होत्या.

"त्ये तुमाला म्हाईत हुतं?"

खोटं बोलायची संधी होती. त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. पण ते माझ्याकडं सरळ बघत होते.

"होतं," मी म्हणालो. "दोन दिवस आधी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. त्यांनी चहाचा कप उचलून बाजूला सरकवला आणि उठले.

"मग सांगायचं की, पावणं," ते म्हणाले. "येक दिस रजा काडली असती मी."

पायऱ्या उतरून ते गेले.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. कापडदुकानातली नोकरी त्यांनी सोडली. कुणी म्हणालं चंदगडकडं लांबचा भाचा आहे त्याच्याकडं गेले, कुणी म्हणालं सीमेपलीकडं एका मठात स्वयंपाकघरात असतात. मी दोन्हीकडं जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

पावसाळा संपता संपता त्यांच्या घरमालकानं मला बोलावलं. खोली नव्या भाडेकरूला द्यायची होती, भिंतीवरच्या केबलच्या तारा काढायच्या होत्या. खोली रिकामी होती. खाट नव्हती, टीव्ही नव्हता. एक रंगारी चुन्याची बादली कालवत बसला होता. त्यानं मला भिंत दाखवली. खाटेच्या जागेपासून एक काळपट, तेलकट पट्टा निघाला होता, बुटक्या माणसाच्या हाताच्या उंचीवर. भिंतीभिंतीनं तो मोरीपर्यंत गेला होता, आणि तिथून परत फिरून दारापर्यंत. चौकटीजवळ सगळ्यात गडद होता.

"दोन हात मारल्याबिगार जायचा न्हाई ह्यो," रंगारी म्हणाला. "कोन ऱ्हात हुतं हितं?"

मी शिडीवर चढलो आणि तारेचा पहिला खिळा उपसला.

"बहीण-भाऊ राहत होते," मी म्हणालो.