दगडूबाबाची दुपारची झोप

हसू नका हो, पहिलेच सांगून ठेवते! आमच्या लोणारच्या विवराच्या काठावर मी एका धडधाकट माणसाले बांधून टाकलं. तेही परीक्षेत!

जंगलातल्या प्रथमोपचाराचं तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. सर्टिफिकेट भेटलं तरच शाळेची पोरं घेऊन विवरात उतरायचं गाइडचं काम. मले ते काम पायजेच होतं. घरी तर सांगूनही टाकलं होतं, "झालंच समजा!"

शेवटच्या दिवशी पुण्याचे सर म्हणाले, "एक माणूस खोटा पेशंट म्हणून झाडीत झोपवलाय. शोधा, उपचार करा. अन् ऊन लागलेला माणूस 'मला काही झालं नाही' म्हणतो. ऐकायचं नाही!"

मी धावतच निघाली. अन् सापडला की! कडुलिंबाखाली आडवा, तोंडावर दुपट्टा. खिशात कांदा! लू लागू नये म्हणून आपल्याकडं ठेवतेतच ना! म्हटलं, सरांची तयारी पाहा. बाजूले बकऱ्या चरत होत्या. वा रे सर, बकऱ्याही आणल्या!

दुपट्टा ओढला अन् बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलं.

"अवं माय! कोन व्हय वं तू?"

"घाबरू नका बाबा. नाव सांगा."

"दगडू. काऊन?"

"काय होऊन राह्यलं तुमाले?"

"मले काई नाई झालं! झोपलो होतो ना!"

बस्स! अगदी सरांनी सांगितलं तसंच! काय अ‍ॅक्टिंग करते हो माणूस! तो उठून पळाले लागला. पेशंटले चालू द्यायचं नाही, हा नियम मले पाठ होता. ओढणीनं दोन्ही पाय बांधले.

"सोड वं पोरी! बकऱ्या चालल्या माह्या!"

"जाऊ द्या. आधी तुमी!"

मी जोरात शिट्टी फुंकली. सर आले. सोबत एक माणूस, छातीवर 'पेशंट' अशी चिठ्ठी. बिचारा तासभर बोरीखाली कण्हून कण्हून कंटाळला, अन् स्वतःच उठून आला होता!

मले तर रडूच आलं. सर्टिफिकेट गेलंच. सगळी बॅच संध्याकाळपर्यंत बकऱ्या हुडकत फिरली.

दगडूबाबाच सरांले म्हणाला, "साहेब, पोरगी चुकली, पण जीव लावून चुकली. अजून एक चान्स द्या तिले."

सरांनी दिला. महिन्याभरानं मी पास झाली!

आता पोरं घेऊन निघाली की बाबा कडुलिंबाखाली दिसतेच. मले पाह्यलं की ताडकन उठून बसते अन् पोरांले ओरडून सांगते,

"पोट्टेहो, मॅडमसमोर कोनी झोपू नका बे! बांधून टाकते!"